दहावीच्या गणिताकडून आपण काय मागतो?

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी लातूर विभागाबद्दल दोन बातम्या येतात आणि दोन्ही खऱ्या असतात. 2025 साली राज्यात 211 विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. त्यांपैकी 113 एकट्या लातूर विभागातले होते. या विभागात लातूर, नांदेड आणि धाराशिव असे तीनच जिल्हे येतात. त्याच दिवशीच्या दुसऱ्या तक्त्यात उत्तीर्णांची टक्केवारी होती : राज्याची 94.10, कोकण विभागाची 98.82 आणि लातूरची 92.77. नऊ विभागांत लातूर आठव्या जागी होता, त्याच्या खाली फक्त नागपूर. म्हणजे राज्यातल्या शंभर टक्केवाल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलं ज्या विभागाने दिली, तो विभाग मुलं उत्तीर्ण करण्यात जवळजवळ तळाशी होता.

शंभर टक्क्यांत कला-क्रीडेचे वाढीव गुण मिसळलेले असतात, आणि सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरण्याची पद्धतही असते, हे मान्य. तरीही या दोन आकड्यांमधलं अंतर उरतंच. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारसारख्या तालुक्यात ते सर्वांत स्पष्ट दिसतं गणितात. एकाच वर्गात, एकाच बाकावर, गणितात पैकीच्या पैकी गुणांची तयारी करणारी मुलगी आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागताना अडखळणारा मुलगा शेजारी शेजारी बसतात. मार्चमध्ये दोघांच्या हातात एकच प्रश्नपत्रिका येते. ती दोघांकडून काय अपेक्षा करते आणि दोघांबद्दल आपल्याला काय सांगते, हे नीट पाहिलं पाहिजे.

सुरुवात अभ्यासक्रमापासून करू. सध्याची दहावीची गणिताची पाठ्यपुस्तकं 2018 साली आली. भाग एकमध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. भाग दोनमध्ये समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन. पुस्तकं चांगली आहेत. भाषा सोपी आहे, ‘कृती’ आणि ‘विचार करूया’सारख्या चौकटी आहेत, आकृत्या स्वच्छ आहेत. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या मनात विचार करणारं मूल होतं, हे पानोपानी जाणवतं. अर्थनियोजनाच्या प्रकरणात वस्तू व सेवा कर आहे, शेअर आहेत, म्युच्युअल फंड आहे. कंधारच्या पोराला यातलं काही कळू नये असं मी मुळीच म्हणणार नाही. पण त्याच्या घरी सोयाबीन विकल्यावर येणारी आडतीवरची हिशोबपट्टी, तीत वजा होणारी हमाली आणि तोलाई, पीककर्जाचं व्याज, विम्याचा हप्ता हे सगळंही अर्थनियोजनच आहे. ते वर्गात आणण्याचं काम पुस्तकाने शिक्षकावर सोडलं आहे, आणि परीक्षा त्याबद्दल काही विचारत नाही. परीक्षा जे विचारत नाही ते वर्गात टिकत नाही.

आता मूल्यमापन. गणिताचे एकूण 100 गुण : दोन लेखी प्रश्नपत्रिका, प्रत्येकी 40 गुणांच्या, दोन-दोन तासांच्या, आणि 20 गुण अंतर्गत. उत्तीर्ण होण्यासाठी 35. प्रत्येक पत्रिकेची रचना ठरलेली आहे. पहिल्या प्रश्नात 4 गुणांचे बहुपर्यायी प्रश्न आणि 4 गुणांची एकेका गुणाची छोटी उदाहरणं. दुसऱ्यात 4 गुणांच्या कृती, म्हणजे सोडवत आणलेल्या उदाहरणातल्या रिकाम्या चौकटी भरायच्या, आणि 8 गुणांची दोन-दोन गुणांची उदाहरणं. तिसऱ्यात 3 गुणांची आणखी एक कृती आणि 6 गुणांची उदाहरणं. चौथा प्रश्न 8 गुणांचा, अवघड. पाचवा 3 गुणांचा, मुलाने स्वतः विचार करावा म्हणून ठेवलेला. जवळजवळ सगळीकडे पर्याय आहेत.

ही रचना कागदावर मांडून बेरीज केली की एक गोष्ट लक्षात येते. एका पत्रिकेत बहुपर्यायी 4, कृतींचे 4 आणि 3, मिळून 11 गुण. दोन्ही पत्रिकांत 22. अंतर्गत 20 पैकी 13 मिळाले तर झाले 35. म्हणजे एकही उदाहरण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः न सोडवता मूल दहावीच्या गणितात उत्तीर्ण होऊ शकतं. अंतर्गत गुण 17-18 पडले, आणि ते बहुतेक ठिकाणी पडतातच, तर लेखी 80 पैकी 17-18 पुरतात. दुसऱ्या टोकाला, स्वतंत्र विचाराला 40 पैकी 3 गुण आहेत आणि तिथेही दोनांतून एक निवडायचा आहे.

कृतींमागचा हेतू मला योग्य वाटतो. कोऱ्या कागदासमोर घाबरून बसणाऱ्या मुलाला सुरुवात करून देणं, पायरी सुचवणं, हे शिकवण्याचं उत्तम साधन आहे. पण शिकवण्याचं साधन परीक्षेत आलं की त्याचं रूप बदलतं. सराव परीक्षांच्या संचांतून ठरावीक कृती ठरावीक चौकटींसह फिरतात, मुलं चौकटीतली उत्तरं पाठ करतात. भूमितीतल्या प्रमेयांचंही तेच होतं. पायथागोरसची सिद्धता, समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं प्रमेय, स्पर्शिका-छेदिकेचं प्रमेय हे सगळं पक्ष, साध्य, सिद्धता असं कवितेसारखं पाठ होतं. आकृतीतली अक्षरं बदलली की गाडी थांबते. आणि हे केवळ कच्च्या मुलांचं नाही, ऐंशी-नव्वद गुण मिळवणारी कितीतरी मुलं याच वाटेने जातात.

कच्च्या मुलांसाठी शाळांमध्ये जानेवारीपासून एक वेगळी योजना चालते. रचना करून घ्या, सांख्यिकीचे तक्ते करून घ्या, संभाव्यतेचा नमुना अवकाश लिहायला शिकवा, महत्त्वमापनाची सूत्रं पाठ करून घ्या, वर्तुळाची मोठी प्रमेयं सोडून द्या. मेहनती शिक्षक ही योजना मनापासून राबवतात, सकाळी जादा तास घेतात, घरी जाऊन पोरांना बोलावून आणतात. त्यांना दोष देता येणार नाही. निकाल कमी लागला तर आधी त्यांनाच विचारणा होते आणि शाळेच्या पटावरही परिणाम होतो. पण त्या तीन महिन्यांत मुलाला गणित शिकवलं जात नाही, गणितातून सुटका शिकवली जाते. हेच मूल पुढे आयटीआयला गेलं, मोजमापाची पट्टी हातात आली की तिथे त्याची अडचण होते.

पट्टीवरून ‘असर’ची पाहणी आठवते. 14 ते 18 वर्षांच्या ग्रामीण मुलांची 2023 ची ही पाहणी 26 राज्यांतल्या 28 जिल्ह्यांत झाली. महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा नांदेड होता, म्हणून इथल्या शाळांनी तरी ती बारकाईने वाचायला हवी. देशभरच्या आकड्यांत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणारी मुलं 43.3 टक्के होती. हा तिसरी-चौथीचा भागाकार, आणि वय दहावी-बारावीचं. त्याहून बोलकी गोष्ट लांबी मोजण्याची. वस्तू पट्टीच्या शून्यापासून ठेवली तेव्हा सुमारे 85 टक्के मुलांनी तिची लांबी बरोबर सांगितली. तीच वस्तू शून्याऐवजी पुढच्या एखाद्या खुणेपासून ठेवली, तेव्हा बरोबर सांगणारी उरली 39 टक्के. शेवटचा अंक वाचणं म्हणजे मोजणं, असं मुलांच्या मनात बसलं आहे. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे लांबी, ही कल्पना पोचलेलीच नाही. आणि याच कल्पनेवर पुढे संख्यारेषा उभी आहे, निर्देशक भूमितीतलं अंतराचं सूत्र उभं आहे.

ज्यांना वजाबाकी तरी येत होती अशा मुलांना सूट वजा करून किंमत काढायला सांगितली तेव्हा 37 टक्क्यांच्या आसपास मुलांना ती काढता आली. कर्जफेडीची रक्कम काढणारी 10 टक्क्यांच्या जवळपास. डिसेंबर 2024 मध्ये झालेल्या ‘परख’ सर्वेक्षणात नववीच्या गणिताची देशाची सरासरी 37 टक्के आली. तिसरीची त्याच सर्वेक्षणात 60 आणि सहावीची 46 होती. इयत्ता वाढते तसा आकडा उतरतो.

या आकड्यांशेजारी आता दहावीचे निकाल ठेवा. 2018 साली राज्याचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 साली तो 77.10 वर आला. कारण मुलं अचानक कच्ची झाली हे नव्हतं. अभ्यासक्रम आणि पत्रिकेचं स्वरूप नवं होतं, आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे 20 अंतर्गत गुण त्या वर्षी काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत दिले, 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. 2021 मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, शाळांनी मूल्यमापन केलं, निकाल 99.95 टक्के. चार वर्षांत निकाल तेवीस टक्क्यांच्या पट्ट्यात खाली-वर झाला आणि त्यातला बहुतेक चढउतार गुणदानाच्या योजनेतून आला. मुलांना किती येतं यात चार वर्षांत असा बदल होत नसतो. म्हणून केवळ टक्केवारीवरून शाळेचं, तालुक्याचं किंवा विभागाचं कौतुक किंवा निंदा करणाऱ्यांचं म्हणणं मला पटत नाही.

नांदेडने हे एकदा फार जवळून अनुभवलं आहे. 2010 च्या सुमारास श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना जिल्ह्यात कॉपीमुक्तीची मोहीम झाली. परीक्षा केंद्रांवर महसूल आणि पोलीस यंत्रणा उभी राहिली, आणि निकाल धाडकन खाली आला. ती मोहीम पुढे राज्यभर नावाजली गेली. तिचं महत्त्व मी कमी मानत नाही, कारण जिल्ह्याने स्वतःचा खरा आकडा पाहण्याची हिंमत दाखवली. पण आकडा दिसल्यावर पुढचं काम वर्गात करायचं होतं आणि ते केंद्रावरच्या बंदोबस्ताइतकं नेटाने झालं नाही. 2025 मध्ये पुन्हा ड्रोन, चित्रीकरण, पर्यवेक्षकांची अदलाबदल, गैरप्रकार सिद्ध झाल्यास केंद्र रद्द, असे उपाय झाले. हे उपाय लागतातच. खिडकीबाहेरून चिठ्ठी फेकणाऱ्या गावाने मुलाचा शत्रू व्हायचं काम केलेलं असतं. तरीही ज्या मुलाला समच्छेद करता येत नाही, त्याच्यासाठी कॉपी बंद होण्याचा अर्थ एवढाच की त्याची अवस्था आता निकालपत्रात दिसेल. ती दिसून जूनमध्ये काय उपयोग? आठवी-नववीच्या जूनमध्ये ती दिसायला हवी होती.

ती तेव्हा का दिसत नाही, याचं उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. शिक्षण हक्क कायदा आला, आठवीपर्यंत नापास करणं थांबलं आणि 2010 पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. त्यातली आकारिक मूल्यमापनाची कल्पना गणितासाठी अगदी हवी तशीच होती. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, चाचणी यांतून मूल कुठे आहे ते पाहायचं आणि लगेच शिकवण्यात बदल करायचा. झालं असं की नोंदवही भरणं हेच काम होऊन बसलं. ‘संख्यांवरील क्रिया अचूक करतो’ असं वाक्य पन्नास मुलांच्या नावापुढे लिहिलं गेलं. नापास न करण्याचं धोरण चुकीचं होतं असं मला वाटत नाही. पाचवीत त्याच वर्गात दुसऱ्यांदा बसवलेलं मूल दुसऱ्या वर्षी गणित शिकतं असा अनुभव कुठे आहे? चूक झाली ती मधल्या जागी : पुढे पाठवलं, पण मागे काय राहिलं ते कुणी हाती घेतलं नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी-आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने 2023-24 पासून त्या दोन इयत्तांची वार्षिक परीक्षा सुरू केली. शिवाय पायाभूत चाचणी, संकलित एक, संकलित दोन अशा नियतकालिक चाचण्या आहेत. त्यांच्या प्रश्नपत्रिका बऱ्याच चांगल्या असतात. मात्र गुण पोर्टलवर भरले जातात, आणि कोणत्या मुलाचं काय चुकलं याची चर्चा पुढच्या आठवड्यात वर्गात होते का, तर बहुतेक ठिकाणी नाही. तोवर पुढची माहिती मागवलेली असते.

कंधारमध्ये यावर आणखी एक ओझं आहे. बालाघाटाच्या डोंगरांतला हा तालुका, पाणी कमी, शेती पावसावर. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला किंवा शहरांकडे जातात. लेकरं बरोबर जातात किंवा आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात. गणितात मधले चार महिने गेले की नुसता तेवढा भाग राहत नाही, त्याच्यावर बसणारं पुढचं सगळं राहतं. इतिहासाचा एक धडा चुकला तर पुढचा वाचता येतो. अपूर्णांक चुकले तर बैजिक राशी, समीकरणं, त्रिकोणमितीची गुणोत्तरं सगळी लंगडी होतात. अपूर्णांकांच्या बाबतीत आपण काहीतरी गमावलं आहे असं मला नेहमी वाटतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असलेल्या जुन्या पिढीला सिद्धांत येत नव्हता, पण पाऊण म्हणजे किती हे हाताला कळत होतं. ते पाठांतर परत आणा असं माझं म्हणणं नाही, पण ती हाताची समज यायला आज शाळेत किती वेळ दिला जातो हे विचारलं पाहिजे.

नववी ही खरी तुटण्याची जागा. आठवीपर्यंत वर चढत आलेलं मूल नववीत येतं आणि पहिल्यांदा संच, वास्तव संख्या, बहुपदी, सिद्धता यांच्यासमोर उभं राहतं. दहावीचा निकाल सांभाळण्यासाठी काही शाळा नववीत गाळणी लावतात. अशा मुलाला हळूच सतरा नंबरचा फॉर्म सुचवला जातो, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बस, शाळेच्या निकालात येऊ नकोस. मुलगी असेल तर बऱ्याचदा तो फॉर्मही भरला जात नाही, लग्नाचं पाहतात. शंभर टक्के निकालाचे फलक लावणाऱ्या शाळांना नववीत किती मुलं होती आणि दहावीला किती बसली, हे दोन आकडेही त्याच फलकावर लिहायला लावले पाहिजेत.

आणि शिक्षक? संचमान्यतेत पद निघत नाही, निघालं तर भरती लांबते, पवित्र पोर्टलवरून नेमणूक होईपर्यंत वर्ष निघून जातं. तोवर विज्ञानाचे किंवा दुसऱ्याच विषयाचे शिक्षक गणित घेतात. हे लिहिताना मला कंधारचा इतिहासही आठवतो. निजामाच्या राज्यात इथली शाळा उर्दूतून होती आणि तीही थोड्यांसाठी. मराठवाडा मुक्त झाला त्या काळात भाई केशवराव धोंडगे यांनी इथे श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी उभी केली आणि ‘मोफत’ हा शब्द संस्थेच्या नावातच घातला. गरिबाच्या मुलाला शाळेच्या दारात आणणं ही त्या पिढीची अपेक्षा होती आणि ती तिने पूर्ण केली. त्याहूनही मागे गेलं तर हे राष्ट्रकूटांचं नगर. त्याच घराण्यातल्या अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे : नियम सांगायचा आणि लागोपाठ व्यवहारातली, व्यापारातली उदाहरणं घालायची. नियम कळला की नाही याची पारख तिथल्या तिथे.

आता वरच्या टोकाकडे येऊ. लातूर पॅटर्नची ख्याती राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांतून पसरली. नेमका अभ्यास, सतत चाचण्या, चुकांची लगेच दुरुस्ती आणि पुन्हा चाचणी, हे त्याचं सूत्र. सतत चाचणी घेऊन ताबडतोब चूक दाखवणं हे मूल्यमापनाच्या दृष्टीने मुळात योग्य आहे, आणि खेड्यातली हजारो मुलं त्यामुळे डॉक्टर-इंजिनिअर झाली, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण हे तंत्र निवडक मुलांसाठी वापरलं गेलं. ज्या मुलाला ताबडतोब चूक दाखवण्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्या उत्तरपत्रिका मात्र घटक चाचणीनंतर पंधरा दिवस कपाटात राहतात. शिवाय या भागातल्या हुशार मुलांचं स्वप्न बहुतांशी वैद्यकीय प्रवेशाचं आहे, आणि नीट परीक्षेत गणित नाही. अकरावीला जीवशास्त्र घेऊन गणित सोडणारी मुलं कंधारहून लातूर-नांदेडच्या शिकवण्यांना जातात. त्यांच्यासाठी दहावीचं गणित हा आयुष्यातला गणिताचा शेवटचा टप्पा ठरतो. शंभरपैकी शंभर मिळवणारी मुलगी आणि पस्तीसवर निघालेला मुलगा, दोघेही दुसऱ्या दिवशी गणिताचं पुस्तक मिटतात. विषयाकडून आपण फक्त गुण मागितले, गुण मिळाले, व्यवहार संपला.

यावर धोरणाच्या पातळीवर दोन प्रकारचे तोडगे निघत आले आहेत. एक, दोन पातळ्यांचं गणित. आपल्या मंडळाकडे सामान्य गणिताचा पर्याय होता, तो मार्च 2018 च्या परीक्षेनंतर बंद झाला. जवळपास त्याच काळात, 2017 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेच्या सुनावणीत गणित ऐच्छिक करता येईल का अशी विचारणा केली होती. सीबीएसईने उलट दिशा घेतली. 2020 च्या परीक्षेपासून तिथे अभ्यासक्रम एकच, पण प्रमाणित आणि मूलभूत अशा दोन पातळ्यांच्या प्रश्नपत्रिका आहेत. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत गणिताच्या दोन पातळ्या आहेत, फिनलंडच्या शालान्त परीक्षेत दीर्घ आणि लघु असे दोन अभ्यासक्रम आहेत. पातळ्या करणं म्हणजे अपमान, असं मानण्याचं कारण नाही. मूलभूत गणिताची पत्रिका खरंच मूलभूत गोष्टी तपासणार असेल, म्हणजे शेकडेवारी, प्रमाण, मोजमाप, आलेख वाचणं, कर्जाचा हिशोब, आणि त्यात पस्तीसऐवजी साठ-सत्तर गुणांची अपेक्षा ठेवणार असेल, तर ती आजच्या पस्तीसपेक्षा कितीतरी प्रामाणिक ठरेल. अट एकच : खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर जाण्याची परीक्षा पुढे केव्हाही देता आली पाहिजे. आणि कंधारच्या एखाद्या शाळेत गणिताचा एकच शिक्षक असेल, तर सगळ्या वर्गाला सोयीसाठी खालच्या पातळीवर बसवणार नाही, याची हमी हवी. मला याच दुसऱ्या गोष्टीची भीती जास्त वाटते.

दुसरा तोडगा गुणांची रेघ हलवण्याचा. 2024 मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात अशी तरतूद आली की गणित-विज्ञानात 35 पेक्षा कमी पण 20 किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना अकरावीत जाता येईल, मात्र त्यांच्या प्रमाणपत्रावर तसा शेरा असेल आणि पुढे गणित-विज्ञानाच्या शाखा घेता येणार नाहीत. गणितामुळे मुलाचं सगळं शिक्षण थांबू नये ही त्यामागची कळकळ मला पूर्ण मान्य आहे. गणितात नापास झालेला मुलगा चांगला कीर्तनकार, वकील, पत्रकार, चित्रकार होऊ शकतो. पण सोळाव्या वर्षी कागदावर कायमचा शेरा मारणं मला मान्य नाही. 2016 पासून निकालपत्रावर नापास असा शब्द न लिहिता पुनर्परीक्षेस पात्र किंवा कौशल्य विकासास पात्र असं लिहायला सुरुवात झाली, ती याच कारणासाठी ना? जुलैची पुरवणी परीक्षा आपण सुरू केली ती दार उघडं राहावं म्हणूनच. मग एका हाताने उघडलेलं दार दुसऱ्या हाताने शेरा मारून लावून घेऊ नये. आणि 20 गुणांचा अर्थ काय होतो तेही पाहावं. अंतर्गत गुण आजच्यासारखेच वाटले जाणार असतील, तर लेखी परीक्षेत दोन-तीन गुण पुरतील.

म्हणून माझ्या मते सर्वांत आधी हात घालायला हवा तो त्या अंतर्गत 20 गुणांनाच. गृहपाठ आणि बहुपर्यायी चाचणीवर दिले जाणारे हे गुण आज जवळजवळ सर्वांना सारखे मिळतात, म्हणून ते कुणाबद्दल काहीच सांगत नाहीत. त्यांतले निम्मे तरी तोंडी आणि हाताने करायच्या कामाला द्यावेत. वर्गाची लांबी-रुंदी पट्टी मधूनच धरून मोज, ही आडतीची पट्टी बघ आणि तोलाई किती टक्के कापली ते सांग, बारूळच्या धरणातल्या पाणीसाठ्याचा आलेख वाच, तू सोडवलेलं हे उदाहरण फळ्यावर मांड आणि दुसरी पायरी का आली ते समजाव. पाच मिनिटांच्या अशा बोलण्यातून शिक्षकाला जे कळतं ते चाळीस गुणांच्या पत्रिकेतून कळत नाही. साठ मुलांच्या वर्गात वेळ कुठून आणायचा, हा रास्त प्रश्न आहे. सत्र परीक्षांपैकी एकीचा लेखी भाग लहान केला तर तो वेळ निघतो.

दुसरं काम नववीच्या जूनमध्ये. पहिल्या पंधरवड्यात नववीचं पुस्तक न उघडता पाचवी ते सातवीच्या गणितावर एक साधी चाचणी : भागाकार, अपूर्णांक, दशांश, ऋण संख्या, शेकडेवारी, मोजमाप. गुण द्यायचे नाहीत, पोर्टलवर भरायचे नाहीत. प्रत्येक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर त्याला काय येतं आणि काय राहिलं ते साध्या मराठीत लिहायचं, पालकांना तेच तसंच सांगायचं. ज्यांना भागाकार येत नाही त्यांच्यासाठी दिवाळीपर्यंत रोज एक तास, कारण दिवाळीनंतर त्यांतली काही मुलं गावात नसणार. केंद्रप्रमुखांनी भेटीत निकालाची टक्केवारी न विचारता ही पानं पाहावीत.

राज्याचा नवा अभ्यासक्रम 2025-26 पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येतो आहे. तो दहावीपर्यंत पोचायला काही वर्षं लागतील. तोपर्यंत कंधारच्या शाळांतून नववी-दहावीच्या बऱ्याच तुकड्या बाहेर पडलेल्या असतील. त्यांच्यासाठी नव्या पुस्तकाची वाट पाहण्याचं कारण नाही. वर सांगितलेल्या दोन्ही गोष्टींपैकी नववीची चाचणी तर कुठल्याही मुख्याध्यापकाला येत्या जूनमध्ये, कुणाची परवानगी न मागता, सुरू करता येते.